छप्पर ज्याचं, रात्र त्याची

ह्या मुंबई शहरात ‘सीन’ नावाची एक चीज आहे. सिनेमातला सीन नव्हे. पोलिसांची गाडी आली की होतो तो सीन नव्हे. म्युझिकचा सीन. बांद्रा, खार, लोअर परळ, अंधेरी असा तो फिरता राहतो. रात्री नवाला उठतो, दीडला झोपतो. इंग्रजीत बोलतो. त्याच्या दारावर काळे कपडे घातलेला एक गडी उभा असतो आणि तो आपल्या तोंडाकडे बघायच्या आधी पायांकडे बघतो. दर आठवड्याला ह्या सीनच्या याद्या निघतात. अमुक दहा नवे बँड ऐकाच. तमुक शो चुकवू नका. शोधा, शोधा, नवा आवाज शोधा. च्यायला, कोलंबससुद्धा असाच बोलत असणार. माणसं जिथं पिढ्यान्‌पिढ्या चूल पेटवून बसलीयत तिथं जायचं, झेंडा रोवायचा आणि घरी कळवायचं, मुलूख सापडला.

मी गोदीत काम करतो. कंत्राटावर. लोखंडाच्या कॉइली, साखरेची पोती, जहाजातून जे उतरेल आणि जे चढेल ते. शिक्षण दहावी पास. कविता लिहितो, आणि वस्तीतली चार पोरं मिळून जो बँड चालवतात त्याची गाणी लिहितो. एक ढोलकी, एक ऑक्टोपॅड, एक जुनी घेतलेली गिटार आणि एक गळा. हे एवढ्यासाठी सांगितलं की कुणी म्हणू नये, ह्याला गिटारीचाच राग आहे. मला गिटार आवडते. बेसचा आवाज पोटात शिरतो तेव्हा विंच सुरू झाल्यासारखं वाटतं, पायाखालचा धक्का थरथरतो तसं. आपल्यातले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, गिटार-बिटार बड्या बापांच्या पोरांचे चाळे, आपल्याला ढोलकी-खंजिरी बरी. त्यांनाही मी पुढं गाठणार आहे.

आधी त्या शब्दाकडं बघू. इंडी. इंडिपेंडंटचं लाडाचं नाव. म्हंजे स्वतंत्र. कुणापासून स्वतंत्र? तर सिनेमापासून. हिंदी सिनेमा आणि त्याच्या संगीत कंपन्यांनी देशाच्या कानाचा मक्ता घेतला. त्या मक्त्याबाहेर राहून जो आपलं गाणं आपण लिहितो, आपण बसवतो, आपण वाजवतो, तो इंडी. व्याख्या झकास आहे. मला मान्य आहे. आणि ह्या लोकांनी काहीच केलं नाही असंही मी म्हणणार नाही. १९८६ साली धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला. उघड्यावरचं थिएटर, कॉलेजची पोरं, परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवणारे इथले बँड. त्यातूनच हळूहळू स्वतःची गाणी करणारे निघाले. त्याच रंगभवनात १९७८ पासून जाझ यात्रा भरत होती. पुढं शेजारच्या हॉस्पिटलांमुळं आणि कॉलेजमुळं तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन मुकं झालं. त्यांचाही गळा दाबला गेला. हे मी नाकारत नाही.

पण पुढं काय झालं ते बघा. उघड्यावरून उठलेली ही मंडळी छपराखाली गेली. कुणाच्या छपराखाली? गिरण्यांच्या.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप रीतसर मागं घेतलाच गेला नाही, तो कामगारांसकट संपवला गेला. १९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींसाठी एक फट ठेवली, २००१ साली त्या फटीचा दरवाजा केला, २००६ साली सुप्रीम कोर्टानं त्या दरवाज्यावर शिक्का मारला. त्याच २००६ ला वरळीत बॉम्बे डाइंगच्या आवारात हार्ड रॉक कॅफे उघडलं. २००७ ला लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग. ते २०१६ ला बंद झालं, पण तोवर सीनवाल्यांची काशी तीच होती. मग तोडी मिल, कमला मिल, एकेक खातं असं दिव्यांनी सजत गेलं. चिमणी तेवढी ठेवायची. फोटोत बरी दिसते.

आपल्या पोरांना ह्या खात्यांबद्दल एक गोष्ट माहीत पायजे. गिरणीत साचाखात्यात, म्हंजे विणकामाच्या खात्यात, आपल्या आजा-पणजाला मज्जाव होता. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. तोंड लागलं म्हंजे थुंकी लागली. महाराच्या थुंकीचा धागा सवर्ण कामगार कसा तोंडात घेणार? म्हणून साचाखातं बंद, आणि पगार बरा तो त्याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला तेव्हा क्रांती करायला निघालेल्या त्या मंडळींची बोबडी वळली होती. आज तसल्याच खात्यांत रात्री माइक ह्याच्या तोंडासमोरून त्याच्या तोंडासमोर जातो. एका ग्लासातून चौघं पितात. थुंकीचं कुणाला काही नाही. प्रगती झाली. फक्त तपासणी तोंडावरून पायांवर आली.

आम्ही अशाच एका ठिकाणी शो मागायला गेलो होतो. नाव घेत नाही, एकाचं घेतलं तर दुसरे सुटतील. मॅनेजर सभ्य माणूस. बसा म्हणाला. मोबाइलवर आमचं गाणं पुरतं ऐकलं, मान डोलावली. म्हणाला, साउंड एकदम रॉ आहे, मस्त आहे, पण आमचं क्राउड वेगळं आहे, कधी फोक नाइट ठेवली तर कळवतो. फोक! गाण्यात गिटार आहे, ऑक्टोपॅड आहे, गाणं कंत्राटी कामगाराच्या कापलेल्या हजेरीवरचं आहे, महिन्यापूर्वी लिहिलेलं. त्यात फोक काय होतं? गाणारा काय तो फोक होता. म्हंजे बघा, त्यांच्या पोरानं खेड्यातलं दोनशे वर्षांचं गाणं उचलून गिटारीवर म्हटलं की ते इंडी, आणि आपल्या पोरानं कालचं स्वतःचं गाणं गिटारीवर म्हटलं की ती लोककला. आपण जन्मतःच जुने. आपल्यातला कुणी नवा असूच शकत नाही. तो फक्त सापडू शकतो.

आता येतो कायद्यावर. बँडबिंडच्या गप्पांत कायदा कशाला, असं वाटेल, पण सगळी मेख तिथंच आहे.

केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. ठीक. कुणाचा आजारी बाप झोपलेला असतो, कुणाचं लेकरू अभ्यास करत असतं, मी नियमाविरुद्ध नाही. पण नियमात एक अपवाद आहे: बंदिस्त जागा. सभागृह, कॉन्फरन्सची खोली, कम्युनिटी हॉल, बँक्वेट हॉल. आतल्या आत आवाज राहिला तर चालेल. आणि वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार उघड्यावर बारापर्यंत सूट देऊ शकतं. बाकी साडेतीनशे रात्री हिशेब साधा आहे. ज्याच्याकडं छप्पर, भिंती आणि एसी आहे त्याची रात्र दीडपर्यंत. ज्याच्याकडं मैदान आहे त्याची रात्र दहाला संपते.

दुसऱ्या पाळीचा माणूस दहाला घरी तरी पोचतो का? पहिल्या पाळीचा पोचतो, आंघोळ करतो, दोन घास खातो, बाहेर येईस्तोवर साडेआठ. दीड तासात काय गाणार? आपली सगळी गाण्याची रीतच रात्रीची. जलसा रात्रीचा. कव्वालीचा सामना रात्रीचा. दोन पार्ट्या समोरासमोर, एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं उभ्या उभ्या जवाब रचायचा, पब्लिक चटया टाकून पहाटेपर्यंत हलत नव्हतं. आमच्या चाळीतले म्हातारे अजून सांगतात, कुठल्या सामन्यात कोण कुणाला कसा भारी पडला. हे लाइव्ह शो नव्हते तर काय होतं? ह्या शहरात तिकीट न लावता, दारू न विकता, रात्रभर स्वतः रचलेलं गाणं गाणारी माणसं होती, आणि ती रंगभवनच्या कित्येक वर्षं आधी होती.

भीमराव कर्डकांच्या जलशानं बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला तेव्हा त्यांच्यामागं कुठली कंपनी होती? १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर ह्यांनी लालबावटा कलापथक उभं केलं, त्यांची पोस्टरं कुठल्या बिअरवाल्यानं छापली? सिन्नरजवळच्या देशवंडीचे वामनदादा कर्डक, मोठेपणी मुंबईत अक्षर शिकलेला माणूस, १९२२ चा जन्म, २००४ ला गेले. पिशवीत वही घेऊन आयुष्यभर फिरले, गाणी लिहिली, बांधली, गायली, आणि ती लोकांच्या तोंडी अशी गेली की निम्म्यांना कवीचं नावही माहीत नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. उमप तर नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीच्या स्टेजवरच कोसळले. आणि आजच्या घडीला औरंगाबादची कडूबाई खरात. हातात एकतारी. ना बँड, ना मॅनेजर, ना लेबल. कुणीतरी मोबाइलवर घेतलं आणि महाराष्ट्रभर गेलं. तुमच्या व्याख्येत बसवून दाखवा पाहू ह्यांना. इंडी म्हंजे आपलं आपण असं असेल तर ह्या बाईइतकं इंडी कोण आहे?

बसत नाहीत, कारण व्याख्या म्हंजे बोर्डावर लिहायची गोष्ट. हिशेबाच्या वहीत वेगळंच आहे. सिनेमापासून स्वतंत्र झालेला सीन दारूवर अवलंबून आहे. हॉटेलात बँड वाजतो तो बार चालावा म्हणून. २०१० साली पुण्यात सुरू झालेला एनएच सेव्हन वीकेंडर हा इंडीवाल्यांचा सगळ्यात मोठा उरूस. पुढं त्याच्या नावाआधीच बकार्डी लागली. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेचा लोलापलूझा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर उतरला. ज्यांना घोड्यांची शर्यत बघायला कधी आत घेतलं नाही त्यांनी बाहेरच्या पुलावरून बेस ऐकला, मीही ऐकला, फुकटात बरा वाजत होता. मी दारूचा सोवळा विरोधक नाही. गोदीतला माणूस आहे, मला कुणी शिकवू नये. पण ज्याचं भाडं बिअर भरते त्यानं स्वतंत्र ही पाटी लावताना जरा खाली बघावं.

सापडणं म्हंजे काय असतं ते धारावीला विचारा. तिथली पोरं गल्लीत, नाक्यावर, गटारीच्या कडेला उभी राहून कित्येक वर्षं रॅप करत होती, हिंदीत, मराठीत, तमिळमध्ये. २०१९ ला ‘गली बॉय’ आला आणि मग सीनला ती सापडली. त्या सिनेमात आझादीचं गाणं आहे. २०१६ साली जेएनयूतल्या घोषणा घेऊन डब शर्मानं जो ट्रॅक केला होता त्यावरून ते आलं. मूळ घोषणांत मनुवाद होता, ब्राह्मणवाद होता. सिनेमात येता येता ते शब्द गळाले. भूक राहिली, गरिबी राहिली. गरिबीबद्दल पांढरपेशाला केव्हाही वाईट वाटू शकतं, त्यासाठी आडनाव बदलावं लागत नाही.

आणि मुंबईचं सोडून जरा मद्रासेकडं बघा, कारण तिथं आपल्यापेक्षा मोठी उडी मारली गेली आणि मारही मोठा बसला. उत्तर मद्रास म्हंजे बंदराचा भाग, आमच्यासारख्याच हमालांच्या वस्त्या. तिथलं गाणं गाना. मयताला गातात, लग्नाला गातात. ते गाना, रॅप आणि रॉक एकत्र करून जानेवारी २०१८ मध्ये ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ स्टेजवर आलं. दिग्दर्शक पा. रंजित मागं उभे, संगीत तेन्माचं. नावसुद्धा उगाच घेतलेलं नाही. १८८१ च्या जनगणनेच्या वेळी पंडित अयोत्तीदासांनी आपल्या लोकांना आवाहन केलं होतं की स्वतःला जातविहीन तमिळ म्हणून नोंदवा. त्यातून ते नाव आलं. सगळे कोट घालून उभे राहिले. बाबासाहेबांचा कोट. कुठल्या क्लबाचं दार त्यांनी ठोठावलं नाही, मैदानात मांडव घातला आणि हजारो माणसं आली.

त्या बँडमधला अरिवु. त्याची आजी वल्लियम्माळ श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यात राबली. तिच्या गोष्टीवरून त्यानं ‘एन्जॉय एन्जामी’ लिहिलं, मार्च २०२१ मध्ये ते आलं आणि जगभर वाजलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोलिंग स्टोन मासिकाच्या भारतीय आवृत्तीनं त्या गाण्यांचा गौरव करणारा अंक काढला. मुखपृष्ठावर गायिका धी आणि शान व्हिन्सेंट द पॉल. अरिवु नाही. ज्यानं लिहिलं, ज्यानं गायलं, ज्याच्या आजीचं ते आयुष्य, तो नाही. पा. रंजितनी जाहीर आवाज उठवला, ओरड झाली, तेव्हा त्याचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ काढलं. म्हंजे आधी पंगतीत पान मांडायचं नाही आणि बोंब झाली की मागच्या दारी ताट द्यायचं. २०२२ ला चेन्नईत बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्‌घाटनात तेच गाणं झालं, तेव्हाही स्टेजवर अरिवु नव्हता. आणि २०२४ च्या मार्चमध्ये संगीतकार संतोष नारायणन ह्यांनी उघड सांगितलं की त्या गाण्याचा एक पैसाही आम्हा कुणाला मिळालेला नाही. ज्या लेबलनं ते काढलं ते कशासाठी निघालं होतं माहिताय? स्वतंत्र कलावंतांना बळ देण्यासाठी.

ही गोष्ट आपल्या प्रत्येक गाणाऱ्या पोरानं लक्षात ठेवावी. सीनमध्ये जायचं नाही असं मी म्हणत नाही. जा. वाजवा. पैसे घ्या, आगाऊ घ्या. आपल्यात सुपारी म्हणतात, त्यांच्यात गिग म्हणतात, दोन्हीकडं बुडवणारे सारखेच. पण जाताना कागद वाचून सही करा, आणि गाण्याचे शब्द कुणाचे हे त्या कागदावर आहे का ते आधी बघा.

हे सीनवाले मुलाखतीत ‘रिस्क’ हा शब्द फार वापरतात. नोकरी सोडून बँड केला, रिस्क घेतली. बरं. आता पुण्याचं कबीर कला मंच बघा. गुजरातच्या कत्तलीनंतर २००२ साली उभं राहिलेलं. डफ, ढोलकी आणि गळा. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर येऊन अटक होण्यासाठी उभे राहिले, तेव्हा शीतल गरोदर होती. सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर ह्यांना जामीन मिळाला तो थेट सुप्रीम कोर्टात, जानेवारी २०१७ मध्ये. सप्टेंबर २०२० मध्ये गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप ह्यांना एल्गार प्रकरणात अटक झाली. हीपण लाइव्ह शो करणारी माणसं. त्यांच्या वाट्याला आली तिला म्हणतात रिस्क. आणि विलास घोगरे? मुलुंडच्या झोपडीत राहणारा शाहीर, ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पोलिसांनी दहा माणसं मारली, आणि चार दिवसांनी त्यानं स्वतःला संपवलं. त्याच्यावरून आनंद पटवर्धननी ‘जय भीम कॉम्रेड’ सिनेमा केला, चौदा वर्षं लावून. एवढी गाणी, एवढे गळे त्यात आहेत. सीनच्या कुठल्या यादीत त्यातलं एक तरी नाव बघितलंत?

आता आपल्या घराकडं वळतो, नाहीतर म्हणाल ह्याला फक्त बांद्र्याला शिव्या देता येतात.

१४ एप्रिलला आपल्या वस्त्यांत काय वाजतं? डीजेची भिंत. दोन मजली स्पीकर, वर लेझर, मध्ये पुढाऱ्याचा कटआउट, बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा मोठा. एका रात्रीचं त्या भिंतीचं भाडं ऐकलं तर वस्तीतल्या गायन पार्टीचं वर्षाचं पोट भरेल. आणि भाडं कोण देतो? जो पुढच्या इलेक्शनला उभा राहणार आहे तो. मग त्या भिंतीतून गाणंही त्यालाच चालेल असंच येतं. धम्माल, ठेका, नाव घेतलं की शिट्टी, बस्स. त्यात जमीन नाही, नोकरी नाही, खैरलांजी नाही. आमच्या बँडला एका मंडळानं जयंतीची वेळ दिली होती, संध्याकाळी आठ ते नऊ. आठ वाजता साहेबांचा डीजे आला. आम्ही ढोलकी काखेत मारून खाली उतरलो. मंडळाची पोरं आमचीच, दोस्त. म्हणाली, राजा, समजून घे, मांडव त्यांचा आहे.

मांडव त्यांचा. छप्पर त्यांचं. मथुरादासात काय आणि आपल्या गल्लीत काय. फरक एवढाच की तिथं बिअरवाला असतो आणि इथं आमदार. जुने कार्यकर्ते गिटारीवर उखडतात ते ह्या भिंतीवर का उखडत नाहीत? ढोलकी कुणी बंद पाडली? गिटारीनं? गिटार तर बिचारी ढोलकीच्या शेजारी बसायला तयार आहे. ‘धम्म विंग्ज’च्या पोरांनी रॉक बँड करून बुद्ध-भीम गीतं वाजवली, काय बाटलं? ‘स्वदेशी’च्या पोरांनी २०१९ मध्ये आरेतल्या प्रकाश भोईरांना बरोबर घेऊन ‘वारली रिव्होल्ट’ केलं, रॅप आणि वारली गळा एकाच गाण्यात, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोसाठी रातोरात झाडं पडली तेव्हा ते गाणं लोकांच्या उपयोगी पडलं. मवाली मराठीत रॅप करतो तेव्हा तो कुठल्या साहित्य संमेलनाची परवानगी काढत नाही. वाद्याला जात नसते. वाद्याचं भाडं कोण भरतो त्याला असते.

आणि ऐकणारे? दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या कठड्याला लागून खंजिरी घेऊन बसलेली, बॅटरीच्या छोट्या स्पीकरवर गाणारी, नांदेड-परभणीहून रेल्वेत उभ्यानं आलेली माणसं तुम्ही बघितलीत. आपण काय करतो? मोबाइल काढतो, अर्धा मिनिट घेतो, स्टेटसला टाकतो, पुढं जातो. समोरच्या फडक्यावर दहाची नोट टाकताना मात्र हात खिशात अडकतो. तोच आपला पोरगा सीनच्या दारात हजार रुपयांचा शिक्का मनगटावर मारून घेतो आणि त्याचा फोटो काढतो. मला ह्या पोराची चीड येते. तोही दिवसभर कुठंतरी कुणाची तरी ऑर्डर पोचवून दमलेला असतो, त्यालाही एक रात्र चांगली पायजे, हे कळतं मला. तरी येते.

तर आता मुद्द्याचं. त्या नियमातला अपवाद परत वाचा. बंदिस्त जागा. कम्युनिटी हॉल. म्हंजे समाजमंदिर. छप्पर आपल्याकडंही आहे! वस्ती-वस्तीत समाजमंदिरं आहेत, विहारांना लागून हॉल आहेत, वर्गणीतून बांधलेले, काही सरकारी पैशातून. वरळीला बीडीडी चाळी पडून टॉवर उभे राहतायत, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, त्या टॉवरांतही सोसायटीचे हॉल येतील. दारं-खिडक्या बंद करा, खिडक्यांना जुन्या गाद्या बांधा, आवाज बाहेर जाऊ देऊ नका, रात्री अकरापर्यंत आपला बँड आपल्या छपराखाली वाजेल. तिकीट ठेवा. तीस रुपये ठेवा, पण ठेवा. फुकट पास मागणाऱ्या पुढाऱ्यालाही तीस रुपये. बॅनर नको. हार-तुरे नकोत, प्रास्ताविक नको. चार बँड, प्रत्येकी अर्धा तास, त्यातला एक बायकांचा पायजेच. जमलेले पैसे स्टेजवर सगळ्यांसमोर मोजायचे आणि वाजवणाऱ्यांत वाटायचे. सीनवाल्या कुणाला यायचं असेल तर त्यानंही यावं, दारात त्याचे बूट कुणी बघणार नाही.

आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराची किल्ली तीन माणसांच्या कमिटीकडं आहे. हॉल लग्नाला देतात, साखरपुड्याला देतात, एका पक्षाच्या बैठकीला फुकट देतात. आम्ही अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणाले, ड्रमनं भिंतींना तडे जातील. लग्नातल्या बेंजो पार्टीनं आजवर तडे गेले नव्हते. आम्ही दुसरा अर्ज दिलाय, त्याखाली एक्केचाळीस सह्या आहेत, त्यातल्या एकोणीस बायांच्या. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारपर्यंत उत्तर द्या असं लिहिलंय. नाही आलं तर त्याच रविवारी समाजमंदिराच्या पायरीवर साडेसहाला सुरू करणार आणि दहाच्या ठोक्याला वायर काढणार. ज्याच्याकडं फालतू गाद्या असतील त्यानं तरी घेऊन यावं.